एकोणीस फुटांची शाळा

६ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. बेटावर पोचले. तुम्ही बजावलं होतं तसं पत्रच लिहिते आहे. मोबाइल इथे फक्त धक्क्याच्या टोकाला लागतो, आणि लागला तरी तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं पटत नाही. टपालाची बोट मंगळवारी आणि शनिवारी सुटते.

ताईकडे उतरले आहे. तुमची लेक शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि घरी आल्यावरही ती नोकरी सोडत नाही. चिखलाचे बूट कुठे काढायचे हे मला पहिल्या तासात तीनदा सांगून झालं.

आई अजून सगळ्यांना सांगते की मुलगी मातीचं काहीतरी करते, म्हणून तुम्हाला नीट सांगते. त्सुनामीची लाट जमिनीवर चढते तेव्हा समुद्राच्या तळाची वाळू सोबत आणते आणि ती टाकून मागे जाते. तिच्यावर पुढे शेकडो वर्षं चिखल साचत राहतो. खड्डा खणला की काळ्या चिखलात मधेच वाळूचा फिकट पट्टा दिसतो. भिंगाखाली त्यात खोल पाण्यातल्या बारीक जिवांची कवचं सापडतात, आणि ती काही स्वतःच्या पायांनी वर येत नाहीत. पलीकडच्या खाडीत मी असे चौदा खड्डे घेतले. माझ्या संशोधनाच्या सरांच्या अंदाजाने ती लाट सहाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिची वाळू समुद्रापासून सतरा फूट उंचीपर्यंत पोचली आहे. त्याच्या वर कुठेही नाही.

इथल्या आपत्ती समितीला नेमकं हेच हवं होतं. पुन्हा तशी लाट आली तर गावाने पळायचं कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न. पाण्याच्या टाकीची टेकडी साठ फूट उंच आहे, पण वाट खडकाळ आणि म्हाताऱ्यांना दम लागतो. बाकी गाव सपाट. सतरा फुटांच्या वर गावात एकच जागा आहे, ती म्हणजे तुम्ही बांधलेली शाळा. पायरीत बसवलेल्या पितळी खुणेवर एकोणीस फूट कोरलेलं आहे, आणि गावातली प्रत्येक उंची त्याच खुणेवरून मोजतात. ताईने मला ती खूण दाखवली तेव्हा तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. एकशे चाळीस मुलांची सोय बाबांनी एकतीस वर्षांपूर्वीच करून ठेवली, असं म्हणाली.

एकच शंका आहे. शाळेच्या मागे मी एक उथळ खड्डा घेतला. वर दोन इंच लाल माती आणि खाली दीड फूट निव्वळ वाळू. तुम्ही तर तिथे सहा फूट मुरुमाचा भराव घातला होता ना? मग ही वाळू कुठून आली? तुमच्या वेळी समुद्र तिथपर्यंत चढला होता का?

मामीला नमस्कार.

तुमची,
भिंगरी

१४ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझ्या आईवर गेलं आहे, म्हणजे आता सुधारणार नाही.

एवढी शिकलीस आणि शेवटी खड्डेच खणतेस, हे मामीला अजून पचत नाही. मी तिला सांगितलं, आम्हीही जन्मभर तेच केलं, फक्त आम्ही ते बुजवायचो.

वाळूचं विचारलंस. हो, वादळ झालं होतं. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी. भराव पुरा करून आम्ही हात झटकले आणि समुद्र वर आला. सकाळी पाहतो तर आवारभर वाळू. मंत्र्यांचा दौरा डोक्यावर, उपसायला माणसं नाहीत. मग वरून लाल माती पसरली आणि पुढे निघालो. मुरूम वाळूच्या खाली आहे. चांगला दाबून बसवलेला आहे, तेव्हा तो तपासायच्या फंदात पडू नकोस. शाळेच्या आवारात आणखी खोल जाऊ नये असं माझं अनुभवाचं सांगणं आहे. पाया उघडा पडतो, शिवाय मुलं खेळतात. बेट मोठं आहे, दुसरीकडे खण.

या वादळाची कुठे नोंद सापडणार नाही. तेव्हा आजच्यासारख्या सोयी नव्हत्या.

ताईला सांभाळून घे. त्या उद्घाटनाला ती आठ वर्षांची होती, माझ्या खांद्यावर बसून सगळं बघत होती. मोठी झाल्यावर याच शाळेत शिकवणार, असं तिने तिथेच जाहीर केलं आणि पुढे शहरातल्या दोन नोकऱ्या सोडून ते खरं करून दाखवलं. मी ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालो, पण ती अजून लोकांना सांगते की माझे बाबा इंजिनियर. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. माणसाला निदान एका घरात तरी बढती मिळावी.

तुझा
मामा

२५ जानेवारी

प्रिय मामा,

तुमच्या वादळाने आमच्याकडे धमाल उडवली आहे.

मी सरांना कळवलं आणि त्यांनी गणित मांडलं. एकोणीस फुटांवर दीड फूट वाळू, म्हणजे हे वादळ सहाशे वर्षांपूर्वीच्या त्सुनामीपेक्षाही मोठं होतं. आणि त्याची बातमी कुठल्याच वर्तमानपत्रात नाही. सर म्हणतात, अशी संधी संशोधकाला आयुष्यात एकदा मिळते. त्यांनी लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं आहे.

मग मी गावात विचारत फिरले. पहिले दोन दिवस कुणालाच काही आठवेना. तिसऱ्या दिवशी जाळी दुरुस्त करणाऱ्या आजोबांना थोडं आठवलं. चौथ्या दिवशी दुकानदाराला त्यांच्याहून जास्त आठवलं. आता अकरा साक्षीदार आहेत आणि वादळ रोज वाढतं आहे. टेलरची शिलाई मशीन म्हणे वाहून गेली आणि पाच दिवसांनी त्याच ओट्यावर परत आली. मी हे सगळं टिपून घेतलं आहे, कारण तुमचा शब्द मागे असल्यावर शंका कशी घेणार?

काल समितीची बैठक झाली. मी म्हटलं, तिथे एकदा समुद्र आला असेल तर ती जागा सुरक्षित कशी? अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही आलात त्सुनामीसाठी. वादळाची समिती वेगळी आहे." वर असंही म्हणाले की एवढं वादळ येऊन भराव तसूभर हलला नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त ताईने वाजवल्या.

तर ठरलं असं: शाळा हेच गावाचं आश्रयस्थान. रस्त्यांवर तिकडे नेणारे बाण रंगवायचे, बारा एप्रिलला भोंगा वाजवून सगळ्या गावाची तालीम घ्यायची, आणि त्या दिवशी फाटकावर तुमच्या नावाची पाटी लावायची. मामी आणि तुम्ही यायचंच आहे.

सरांचा आग्रह आहे की शाळेमागचा खड्डा खोल न्यावा. एवढ्या मोठ्या वादळाचा तळ बघायलाच हवा म्हणतात. तुम्ही नको म्हणालात, पण मी पायापासून चांगली लांब खणेन.

तुमची,
भिंगरी

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. घाईत लिहितो आहे.

वादळाबद्दल तुझ्या सरांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. वादळ म्हणजे तसं जोराचं वारंच होतं. त्यात भरती. असं दर दोन-चार वर्षांनी होतंच. सहाशे वर्षं वगैरे कृपा करून छापू नका. टेलरची मशीन कुठेही वाहून गेली नव्हती, त्याच आठवड्यात त्याने मला उद्घाटनासाठी पँट शिवून दिली. गावातल्या लोकांचं तू काय घेऊन बसलीस.

दुसरं, टाकीच्या टेकडीचा समितीने नीट विचार केला आहे का? वाट खडकाळ आहे म्हणतेस, पण दहा-बारा दिवसांच्या मजुरीत पायऱ्या होतील. हवाही चांगली असते वर. मी फक्त सुचवतो आहे.

पाटीवर माझं नाव घालू नये. मला प्रसिद्धीची आवड नाही. (हे वाचून मामी हसली. निरोपसमारंभाचा माझा फोटो आमच्या तीन खोल्यांत लावलेला आहे असं तिचं म्हणणं. दोनच खोल्यांत आहे.)

आणि खड्डा खोल नेऊ नकोस. हे मी मामा म्हणून सांगतो आहे.

तुझा
मामा

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचं पत्र पोचायच्या आधीच खड्डा खणून झाला होता. पाहणीच्या अहवालात स्वतःचं मत घालायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. तेव्हा फक्त दिसलं ते कळवते.

दीड फूट वाळूच्या खाली मुरूम नाही. तिथे जुनी काळी जमीन आहे, गवताच्या मुळांसकट. गवत उभं होतं तसंच दाबलं गेलं आहे. त्या जमिनीत प्लॅस्टिकचा एक गुलाबी कंगवा मिळाला, सात दात शाबूत. खड्डा आडवा वाढवला तेव्हा दोन समांतर चर लागले, त्यांच्यात वरची वाळू भरलेली. चराच्या तळाशी नक्षी होती. मी हाताने साफ केली. ट्रकच्या टायरची नक्षी आहे, मागच्या जोडचाकांची.

मामा, वादळाला चाकं होती.

वाळू भिंगाखाली पाहिली. त्यात फक्त किनाऱ्यावरचे शिंपले आहेत, खोल पाण्यातलं एकही कवच नाही. मग मी पितळी खूण सोडून दिली आणि थेट समुद्रापासून उंची मोजत आले. तीन दिवस, तीनदा. शाळेची जमीन साडेचौदा फुटांवर आहे.

त्या काळ्या जमिनीच्याही खाली सहाशे वर्षांपूर्वीची खरी वाळू आहे, खोल पाण्यातल्या कवचांसकट. म्हणजे ती लाट ह्याच जागेवरून गेली होती. पुन्हा तेवढीच आली तर गावातली सगळी माणसं बाण बघत बघत तिच्या वाटेत येऊन उभी राहतील, आणि मुलं तर आधीपासूनच तिथे बसलेली असतील.

मी अध्यक्षांना एकटं गाठून सांगितलं. ते म्हणाले, "चिखल काय, कुणी कसाही वाचेल. सरकारी खूण खोटी म्हणायची असेल तर ज्याने बसवली त्याचं सहीचं पत्र आणा." असं पत्र लिहू शकणारा माणूस जगात एकच आहे.

ताईला मी अजून काही बोललेले नाही. ती पाटीवरची अक्षरं निवडते आहे.

भिंगरी

६ मार्च

भिंगरी राणी,

तुझ्या मामांना न सांगता लिहिते आहे. तुझ्या त्या पत्रात काय होतं ते त्यांनी मला दाखवलं नाही. वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि आता शर्ट धुवायलाही देत नाहीत.

दोन आठवडे झाले, माणूस धड जेवत नाही. टेबलाशी बसतात, "प्रिय" लिहितात आणि कागद फाडतात. केरात मला अठ्ठावीस "प्रिय" सापडले. त्यातले काही तुला होते आणि काही ताईला. चाळीस वर्षांत मला एकही आला नाही, ते जाऊ दे.

काल मी विचारलं, "तुम्ही कुणाचं काही लुबाडलंत का?" म्हणाले, "नाही." "मग कुणाला मारलंत का?" त्यावर म्हणाले, "अजून नाही." तुझ्या चिखलात असं काय सापडलं ते मला माहीत नाही, पण तू त्यांना धाकात ठेवू नकोस आणि सोडूही नकोस. लहानपणापासून तुझंच ऐकतात ते.

मामी

९ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद द्यायचा अधिकार उरला आहे का माहीत नाही, पण सवयीने देतो.

वादळ झालं नव्हतं.

मुरूम मुख्य भूमीवरून मालवाहू बार्जने यायचा होता. बार्ज बंद पडली. उद्घाटनाला आठ दिवस राहिले होते, आणि तारीख पुढे ढकला असं मंत्र्यांना कळवायची साहेबांची हिंमत नव्हती, साहेबांना सांगायची माझी नव्हती. दोन ट्रक होते. आठ दिवस किनाऱ्यावरून वाळू उचलली आणि टाकली. दीड फूट झाली. वरून लाल माती पसरली म्हणजे मुरुमासारखं दिसतं. तो रंगही मीच पसंत केला.

पितळी खूण शहरातून आधीच कोरून आली होती. आराखड्यात एकोणीस होते, म्हणून तिच्यावरही एकोणीस. मी ती हातात घेऊन पायरीपाशी उभा होतो. गवंडी म्हणाला, "साहेब, बसवू?" मी म्हटलं, "बसव. आकडा नंतर बघू." काम झाल्यावर जागेवर मोजमाप घेऊन नवा नकाशा काढायचा असतो. मी आराखड्यावर पातळ कागद ठेवला, तोच गिरवला, आणि खाली सही केली. पुढच्या महिन्यात बदली झाली. मग गावातल्या सगळ्या उंच्या लोक त्या खुणेवरून मोजायला लागले, आणि मी दुसऱ्या गावात दुसरे पूल बांधत होतो.

यात मी कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, हे लिहायचा फार मोह होतो आहे. ते खरंही आहे. पण त्याचा त्या मुलांना काय उपयोग?

तू वाळूचं विचारलंस तेव्हा वादळ तूच माझ्या हातात दिलंस. मी म्हटलं, एकदा समुद्राच्या नावावर टाकलं की कोण विचारायला जातो? गावाने मात्र ते आनंदाने पाठ केलं. कामात खोटेपणा केला तेव्हा मी एकटा होतो. आता अकरा लोक माझ्यासाठी खोटं बोलतात, आणि त्यांना ते खरं वाटतं.

सोबत वेगळ्या कागदावर समितीला पत्र आहे. तारीख, हुद्दा, सही सगळं रीतसर. शाळेची जमीन मी न मोजता एकोणीस लिहिली, असं स्पष्ट शब्दांत आहे. ते दे.

मी आजवर लाटेला घाबरलो नाही, भिंगरी. मी ताईला घाबरतो. ती हे वाचेल, आणि खांद्यावर बसलेली ती आठ वर्षांची मुलगी त्या दिवशी उतरून निघून जाईल. तरी दे.

मामा

२४ मार्च

प्रिय मामा,

पत्र दिलं. परवा बैठकीत अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. मग समितीने ठराव केला. त्याची नक्कल पाठवते, पण सारांश असा: माजी ओव्हरसीअरसाहेबांच्या सेवेबद्दल समिती कृतज्ञ आहे. वयोमानानुसार स्मृतीत फरक पडणं स्वाभाविक आहे. वादळाचे अकरा प्रत्यक्षदर्शी गावात हयात असताना ते झालंच नाही असं मानता येत नाही. शिवाय खुणेचा आकडा बदलला तर गावातल्या सगळ्या उंच्या बदलाव्या लागतील, आणि बाण रंगवून झालेले आहेत. सबब शाळा हेच आश्रयस्थान कायम.

टेलर तर चिडलाच. म्हणाला, "माझी मशीन काय मी स्वतः वाहून नेली?"

मी बाजू मांडली. कंगवा दाखवला, टायरच्या नक्षीचे फोटो दाखवले. अध्यक्ष म्हणाले, वादळात ट्रकही वाहून आला असेल.

आता ताईचं. ती मागच्या बाकावर होती. पत्र वाचून झाल्यावर पुढे आली, अध्यक्षांच्या हातातून ते घेतलं, खालची सही बघितली, परत दिलं, आणि चौथीचा तास घ्यायला निघून गेली. घरी दोन दिवस या विषयावर शब्द नाही. आज भाजी निवडताना तिने एवढंच विचारलं, "बाबांनी हे स्वतःहून लिहिलं, की तू लिहून घेतलंस?" मी म्हटलं, मी विचारलं, पण लिहिलं त्यांनी. तिने मान हलवली. पाटीचं काम तिने थांबवलं आहे, की तिला आता ते करवत नाही, हे मला कळत नाही.

मला शनिवारच्या बोटीने निघावं लागतंय. नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले नाहीत तर वर्षभराची मेहनत वाया जाईल. सरांनी लेख मागे घेतला. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग म्हणाले, मोजणाऱ्याने दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये हे तुला आता कळलं असेल.

मला कळलं. पण इथे माझ्या हातात चिखल होता तेव्हा कागद मागितला, आणि कागद आला तेव्हा साक्षीदार पुढे केले. आता स्वतः तुम्हीच उरलात. बारा तारखेच्या तालमीला या. उंची मोजायची लेव्हल मशीन घेऊन या.

तुमची,
भिंगरी

१३ एप्रिल

चि. भिंगरी,

आशीर्वाद. ताईच्या घरातून लिहितो आहे. बूट कुठे काढायचे हे मला कुणी सांगितलं नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

मागच्या शनिवारी आलो. खात्यातल्या जुन्या शिपायाने लेव्हल मशीन उसनी मिळवून दिली, मामीने डबा दिला आणि सांगितलं की जेवून मग माफी मागा, उपाशी माणूस फार बोलतो. इथे माफी मागायची वेळच आली नाही. ताईने ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि समोर बसून वह्या तपासल्या. आठ दिवस असेच गेले. मी दोनदा "बाळ," म्हणून सुरुवात केली आणि ती दोन्ही वेळा पाणी आणायला उठली.

अध्यक्षांना भेटलो. म्हटलं, चला, सगळ्यांसमोर मोजू. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, खुर्ची दिली, तब्येत विचारली, आणि म्हणाले की मोजणी तालमीनंतर सवडीने करू. जाळीवाले आजोबा भेटले. वादळात त्यांनी मला कसं वाचवलं ते त्यांनीच मला सांगितलं. मी आभार मानले, काय करणार?

काल सकाळी दहाला भोंगा झाला. मी शाळेच्या पायरीवर मशीन लावून उभा होतो. जो येईल त्याला मोजून दाखवायचं असं ठरवलं होतं. गाव बाणांकडे बघत नीट रांगेत येत होतं. अध्यक्ष फाटकात कर्णा घेऊन उभे, "या, या, सावकाश या" म्हणत. माझ्या मशीनकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. दोघांनी मला बाजूला सरकायला सांगितलं.

तेवढ्यात वर्गांची दारं उघडली. ताई बाहेर आली. मागे दोन-दोनच्या जोडीने मुलं. मला वाटलं, आवारात बसवेल. ती माझ्या पुढून गेली, अध्यक्षांच्या पुढून गेली, फाटकाबाहेर पडली आणि बाणांच्या उलट दिशेने टाकीच्या टेकडीकडे चालू लागली. अध्यक्ष कर्ण्यातून ओरडले, "बाई, आश्रयस्थान मागे राहिलं." तिने वळून पाहिलं नाही. कुणाला समजावलंही नाही. पण आपलं पोर टेकडी चढताना दिसल्यावर कुठली आई शाळेच्या आवारात उभी राहील? पाच मिनिटांत आवार रिकामं झालं. टेलर गेला, दुकानदार गेला. जाळीवाल्या आजोबांना नातीने ओढत नेलं. शेवटी अध्यक्षही गेले, कर्ण्यासकट, कारण त्यांची धाकटी दुसरीत आहे. वादळाच्या अकराच्या अकरा साक्षीदारांनी एकोणीस फूट सोडून टेकडी धरली.

मी मशीन तिथेच ठेवली आणि मागून निघालो. मधल्या खडकाशी माझा दम संपला. बसलो. गाव पुढे निघून गेलं होतं. मनात आलं, आपण खालीच राहिलेलं बरं, हिशेबाला धरून होईल. मग वरून पावलं वाजली. ताई खाली येत होती, मुलं दुसऱ्या बाईंकडे सोपवून. तिने माझा हात धरला आणि उठवलं. वाटेत मी म्हटलं, "मला तुझ्यापाशी खोटं ठरायचं नव्हतं." ती म्हणाली, "चढताना बोलू नका." आठ दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य. मुलांना वर पोचायला अकरा मिनिटं लागली होती. आम्हाला दोघांना एकवीस लागली.

वर टाकीच्या सावलीत मुलं रांगेत बसली होती. तालमीची नोंदवही तयार होती. दुसऱ्या बाईंनी ती सगळी भरून ठेवलेली: भोंग्याची वेळ, पोचायची वेळ, सुरक्षित पोचलेली मुलं एकशे चाळीस. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी. गाव बघत होतं. ताईने वही माझ्या पुढे धरली आणि पेन दिलं. मला वाटलं, लेकीने माफ केलं. मी पेन टेकवणार, तर तिने पानावर तळहात ठेवला.

म्हणाली, "बाबा, आधी मोजा."

मी मोजली. एकेका डोक्यावर हात ठेवत गेलो, कारण हलतात फार. एकशे एकोणचाळीस भरली. पुन्हा मोजली. पुन्हा तेवढीच. एक मुलगी तापाने घरी होती, आणि दुसऱ्या बाईंनी मुलांचा आकडा शाळेतच, भोंगा वाजायच्या आधी, हजेरीच्या पटावरून लिहून ठेवला होता.

ताईने त्या मुलीच्या घरी माणूस पाठवला. मी एकशे चाळीस खोडलं, एकशे एकोणचाळीस लिहिलं, आणि मग सही केली.

तुझा
मामा